पयले मामांची हद्द

पयले मामा सकाळी हद्द फिरून आल्याशिवाय चहाला तोंड लावत नसत. हातात काठी, डोक्याला मळकं मुंडासं आणि आठ एकरांचा पुरा फेरा. या फेऱ्यात त्यांच्याशी कुणी बोलायचं नाही, हा घरातला नियम होता. मी दहा वर्षांची असताना एकदा तो मोडला. धावत गेले आणि म्हणाले, "मामा, गाय व्याली!" ते थांबलेसुद्धा नाहीत. पुढच्या कोपऱ्यापर्यंत गेले, हद्दीच्या दगडाला हात लावला, उरलेला फेरा पुरा केला आणि मगच गोठ्यात आले. वासराच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाले, "गाय कुटं जाती? जमीन जाती. म्या बगितलीय जाताना."

ते खरंच होतं. आमचं मूळ गाव भीमेच्या काठावर होतं आणि ते धरणात गेलं. मामा तेव्हा पंचविशीत होते. सरकारनं गावकऱ्यांना मंद्रूपच्या पलीकडचा एक मुरमाड माळ नेमून दिला. बहुतेकांनी कागद खिशात घातले आणि पाहुण्यारावळ्यांकडे जाऊन राहिले. पाणी खरंच चढतं का ते बघत. मामा थांबले नाहीत. बैलगाडीत नांगर, जातं, ज्वारीची दोन पोती आणि तान्ह्या दिलीपला मांडीवर घेतलेली मामी, असं सगळं घालून ते चार दिवसांनी माळावर पोचले. तिथे चुना फासलेले दगड तेवढे होते. झाड नाही, विहीर नाही, शेजार नाही. गाडी आडवी करून तिच्या आडोशाला त्यांनी चूल मांडली. पुढचे सात-आठ महिने त्या अख्ख्या वसाहतीत तेवढा एकच धूर निघत होता.

नंतर एकेक कुटुंब येत गेलं. ज्याला त्याला आपली जमीन कुठून कुठवर ते मामांनीच दाखवलं. आलेला माणूस विचारायचा, "पयले आलेले कुटं हायत?" त्याचं होता होता नुसतं 'पयले' झालं. त्यांचं खरं नाव मतदार यादीत उरलं.

घराण्याचा इतिहास सांगायला त्यांना कुठलंही निमित्त चालायचं. टपाल द्यायला आलेल्या पोस्टमनलासुद्धा त्यांनी तो उभ्या उभ्या सांगितलेला मी ऐकलाय. "आमचा आज्जा दुष्काळात इंडीकडनं चालत आला. कानडी मानूस, मराठीचा शबूद येत नव्हता. भीमंच्या काटाला बाभळीचं रान व्हतं, त्ये तोडलं. बानं तितं हीर पाडली. आन म्या ती हीर पान्याखाली जाताना बगितली." एवढं सांगून झालं की ते काठी जमिनीवर टेकवायचे. "दोन डाव रान केलं आमच्या घरानं. आता न्हाय. आता हितनं उटायचं न्हाय."

लहानपणी हे ऐकताना माझ्या अंगावर काटा यायचा. भाकरी थापणारी मामी मात्र मान वर करत नसे.

माझी आई म्हणजे मामांची धाकटी बहीण. ती वारली तेव्हा मी नऊ वर्षांची होते. वडील टेंभुर्णीच्या एका मालकाकडे ट्रकवर होते, पंधरा-पंधरा दिवस घराबाहेर. मामा एसटीनं आले, माझं दप्तर आपल्या खांद्याला अडकवलं आणि वडिलांना एवढंच म्हणाले, "पोरगीला नेतो. शिकवतो." त्यांनी दोन्ही शब्द पाळले. नेलं आणि शिकवलंही. पण त्या माळावर पाऊल ठेवल्यापासून मला कळत गेलं की इथे येणं सोपं आहे, इथून निघणं अवघड.

माळ म्हणजे दगडच दगड. मामा रोज संध्याकाळी आम्हा सगळ्यांना वेचायला लावायचे. दिलीपला, मला, मामीला. "दगूड उचलला की खाली तेवढी जमीन गावती," असं त्यांचं म्हणणं. वेचलेल्या दगडांचा त्यांनी सबंध रानाभोवती कमरेएवढा बांध घातला. मी आले तेव्हा तीन बाजू झाल्या होत्या. चौथी माझ्या डोळ्यांदेखत झाली, आणि तिच्यात बिरू धनगराची वाट बंद झाली.

बिरूआण्णा माळाखालच्या जुन्या गावातला. त्याच्या बापजाद्यांपासून मेंढरं या माळावर चरायची आणि मामांच्या रानाच्या पूर्वेच्या कडेनं ओढ्याला पाण्यावर उतरायची. बांध तिथवर आला तसा तो घोंगडं सावरत आला. "पयले, गाडीवाटंएवढी जागा सोडा. मेंढरं पान्याला कुटनं न्यायची?"

मामा दगड रचतच राहिले. "सातबाऱ्यावर वाट दाव, सोडतो."

"मेंढरांचा सातबारा आसतो व्हय?"

"न्हाय नव्हं? मग झालं की."

बिरूआण्णा घोंगडं खांद्यावर टाकून निघून गेला. त्या दिवसापासून त्याची मेंढरं तीन मैलांचा वळसा घालून पाण्याला जायची. मामांना ह्यात काही चुकल्यासारखं वाटलं नाही. त्यांचं गाव बुडवताना त्यांना तरी कुणी कुठे विचारलं होतं, असं ते मनात म्हणत असावेत.

मामी नदीकाठची. पुरात पोहणारी बाई, असं आई सांगायची. माळावर तिला सुरुवातीची काही वर्षं माळाखालच्या गावच्या विहिरीवरून डोक्यावर पाणी आणावं लागलं, तेही तिथल्या बायकांचं भरून झाल्यावर. माहेर बुडालेलं, त्यामुळे माहेरपण नाही. बाजार मामा करायचे. लग्नकार्याला दोघांनी एकदम जायचं नाही, कारण रान राखायला कुणीतरी हवं. आणि ते कुणीतरी नेहमी मामीच असायची. एकदा मी तिला विचारलं, "मामी, तू सोलापूर बघितलंयस का?" ती म्हणाली, "येताना गाडीतनं बगितलं की. लई दिवे व्हते." ती बैलगाडीबद्दल बोलत होती. मधे बारा वर्षं गेली होती.

माझंही तसंच होऊ लागलं. शाळा सुटल्यापासून घरी पोचायला किती वेळ लागतो हे मामांनी स्वतः चालून ठरवलं होतं. त्याहून उशीर झाला की ते बांधावर उभे दिसायचे. रागवायचे नाहीत. नुसतं म्हणायचे, "आलीस?" त्या एका शब्दात इतकी काळजी असायची की मला भांडताही यायचं नाही. मारलं असतं, तर बरं झालं असतं असं मला कितीदा वाटलं.

बारावी झाली. नर्सिंगला नंबर लागल्याचं पत्र आलं त्याच आठवड्यात मामांनी वसाहतीतलंच एक स्थळ माझ्यासाठी नक्की करत आणलं होतं. मुलगा चांगला होता, हे कबूल करायला हवं. त्याचं रान मामांच्या रानाला लागून होतं. मामांच्या चेहऱ्यावर मी तसा आनंद कधी पाहिला नव्हता. "पोरगी डोळ्याम्होरं ऱ्हाईल. मदला बांध काडून टाकू."

मी पत्र हातात धरून उभी होते. बोलली मामी. चुलीपुढून उठली, हात पदराला पुसले, माझी पत्र्याची पेटी उचलून दारात आणून ठेवली आणि म्हणाली, "शकू सकाळच्या गाडीनं सोलापूरला जानार हाय."

"आन म्या न्हाय म्हनलं तर?"

"तर मीबी जाईन."

मामांनी तिच्याकडे असं पाहिलं, जणू भिंत बोलली. मग मुंडासं उचलून रानात गेले. सकाळी पेटी खांद्यावर घेऊन मला एसटीपर्यंत सोडायला तेच आले. गाडी हलताना खिडकीतून शेंगांची पुरचुंडी देत म्हणाले, "तितं कुनाच्या जागंत बसू नगंस. आपली खाट कुटली ती पयलं ईचारून घे."

मी शिकले, सोलापूरच्या दवाखान्यात नोकरीला लागले, लग्न झालं, शहराच्या जुळे सोलापूर भागात तिसऱ्या मजल्यावर घर झालं. दिलीप पुण्याकडे कारखान्यात गेला तो तिकडचाच झाला. माळावर मामा-मामी दोघंच राहिले. ज्वारी उत्तम यायची. दगडाचं रान त्यांनी खरोखरच काळं करून दाखवलं होतं.

मग मोठा रस्ता आला. चौपदरी. वसाहत आणि मामांचं घर यांच्या बरोबर मधून दोन पुरुष उंचीचा भराव पडला. गाव रस्त्याच्या अलीकडे, मामा पलीकडे. मागे ओढा, त्याचे काठ सरळ तुटलेले. उत्तरेला द्राक्षबागेचं कुंपण. पूर्वेची सगळी पडीक जमीन एका सौरऊर्जेच्या कंपनीनं घेतली आणि आठ फूट उंच तारेची जाळी ठोकली. मामांना गावात यायला रस्त्याखालची मोरी तेवढी उरली. ती पाणी जाण्यासाठी होती, माणसांसाठी नव्हे. कमरेत वाकूनच जावं लागायचं. पावसाळ्यात ती भरायची, आणि कालव्याला पाणी सुटलं की पाझरानं चिखल व्हायचा.

पहिल्यांदा मी त्या मोरीतून गेले तेव्हा वर ट्रक धडधडत होते. मी रडकुंडीला येऊन म्हणाले, "मामा, गावात खोली घ्या. रान दिवसा येऊन करा."

"म्या अर्ज केलाय. वाट देत्यात."

"कधी?"

"साहेब म्हनले, बगतो."

त्या साहेबांची बदली झाली. पुढचे साहेब म्हणाले, नकाशात तिथे वाट कधीच नव्हती, कागद दाखवा. मामांकडे सगळ्या जमिनीचे कागद होते, वाटेचा नव्हता. त्या दिवशी ते कचेरीतून घरी परतले आणि जेवले नाहीत, असं मामीनं मला फोनवर सांगितलं.

गेल्याच्या गेल्या पावसाळ्यात, सकाळी नऊच्या सुमाराला मी ड्यूटीवर असताना मामांचा फोन आला. "शकू, तुजी मामी बोलंना. त्वांड वाकडं झालंय." मी लगेच ओळखलं. रुग्णवाहिका पाठवायची सोय केली. ती वेळेत पोचलीही, पण वर रस्त्यावर. मोरी छातीएवढ्या पाण्यानं भरली होती. भरावाची माती निसरडी झालेली, वर लोखंडी कठडा. खाली अंगणात मामी बाजेवर पडलेली होती, ती वर उभ्या असलेल्यांना दिसत होती. तिच्यापर्यंत जाता येत नव्हतं.

मामांनी पक्कड घेतली आणि पूर्वेच्या बाजूला गेले. आधी स्वतःचा दगडी बांध पाडायला लागले. पंचाहत्तरीतला माणूस, एकटा, पावसात. जाळीच्या पलीकडे कंपनीचा पहारेकरी उभा होता. तो सिद्धू, बिरूआण्णाचा नातू. मामांच्या बाजूच्या फाटकाची किल्ली साहेबाकडे, साहेब सोलापुरात. मामांनी त्याच्यादेखत जाळी तोडायला सुरुवात केली. सिद्धूनं अडवलं नाही. तोही तुटलेल्या जाळीतून अलीकडे येऊन दगड काढू लागला. माणूस जाईल एवढं भगदाड पडल्यावर त्यानं गावातल्या दोघांना हाक मारून कंपनीच्या मोठ्या फाटकानं बोलावलं, आणि चौघांनी मामीची बाज सौर पाट्यांमधून रुग्णवाहिकेपर्यंत उचलून नेली. या सगळ्यात तीन तास गेले. मेंदूच्या झटक्यात तीन तास म्हणजे काय, ते मला नोकरीनं शिकवलं होतं. मामी वाचली. उजवं अंग गेलं आणि बोलणंही.

दवाखान्याच्या वऱ्हांड्यातल्या बाकावर मामा ओल्या कपड्यांनी बसले होते. दोन्ही तळवे तारेनं फाटलेले. मी जखमा धूत असताना ते खाली बघत म्हणाले, "बिरूची वाट तितनंच जात व्हती. त्याच जाग्यावरनं."

मी दुसऱ्या तळव्याला पट्टी बांधायला घेतली.

"सिद्धू काय बोलला न्हाय. त्यानं काय तरी बोलाया पायजे व्हतं की, शकू." आणि मग ते रडले. मामांना रडताना मी त्याआधी पाहिलं नव्हतं, आईच्या वेळीसुद्धा नाही.

दवाखान्यातून मामीला मी माझ्या घरी आणलं. व्यायाम, मालीश, बाराखडी, सगळं नव्यानं. तीन महिन्यांनी ती भिंतीला धरून चालू लागली, तुटके तुटके शब्द बोलू लागली. खिडकीत खुर्ची टाकून दिली की दिवसभर रस्ता बघायची. भाजीची गाडी, शाळेच्या रिक्षा, समोरच्या बाईंचे पापड. तिच्या चेहऱ्यावर काय होतं ते सांगायला मला शब्द सापडत नाही. उपाशी माणूस जेवताना दिसतो तशी दिसायची.

मामा तिला न्यायला आले ते भाड्याची जीप घेऊन. घराला चुना दिला होता, संडासाला बसायची खुर्ची आणली होती, कंपनीनं जाळी पुन्हा ठोकली म्हणून मोरीत फरश्यांचे तुकडे टाकले होते. सगळं तिला सांगून झाल्यावर म्हणाले, "चल. कापडं घे."

मामी म्हणाली, "न्हाय."

"आगं, बरी झालीस की."

मामीनं डावा हात खुर्चीच्या दांडीवर घट्ट धरला. एकेक शब्द ओढून काढत म्हणाली, "तुमी... ऱ्हावा. मी... हितंच."

मामांनी माझ्याकडे पाहिलं. मी काहीतरी बोलावं, तिला समजवावं, अशी त्यांची अपेक्षा होती. माझी पेटी दारात आणून ठेवणारी बाई माझ्यासमोर बसली होती. मी मान खाली घातली. जीपवाला खाली हॉर्न वाजवत होता. मामा उठले आणि एकटेच गेले.

मग ते दर सोमवारी मंद्रूपच्या एसटीनं येऊ लागले. खिशात करडईच्या तेलाची बाटली. मामीचा लुळा हात मांडीवर घेऊन तासभर चोळायचे, एकेक बोट सरळ करायचे. बोलणं फारसं नसे. कधी मामी विचारायची, "गाय?" ते म्हणायचे, "बरी हाय." आमच्या घरात ते खुर्चीच्या कडेवरच बसत. एकदा विचारलं, "ही भीत आपली का शेजाऱ्याची?" मी म्हटलं, दोघांची. त्यांना ते पटलंच नाही. एकदा पावसानं गाडी बंद झाली आणि दोन दिवस राहावं लागलं. तेव्हा सकाळी गच्चीवर कठड्याला धरून ते इतके फेरे घालत होते, की सोसायटीच्या सेक्रेटरींनी मला खाली बोलावून विचारलं, "मॅडम, ते आजोबा बांधकाम तपासायला आलेत का?"

त्याच दिवशी मी धीर करून म्हटलं, "मामा, इथेच राहा आता. दोघं एकत्र राहाल."

"म्या हितं आलो तर तितं कोन?"

"तिथे कुणी कशाला पाहिजे?"

ते तेलाच्या बाटलीचं बूच फिरवत राहिले. मग म्हणाले, "ह्येच मला ठावं न्हाय, शकू. ठावं असतं तर त्या दिवशी येकटा जीपंत चढलो असतो व्हय?" चारच्या गाडीनं ते परत गेले.

या फेब्रुवारीत एका सोमवारी मामा आले नाहीत. मामी दुपारपासून दाराकडे बघत होती. तीन वाजता सिद्धूचा फोन आला. गोठ्यात गाईला वैरण टाकता टाकता मामा खाली बसले, ते तसेच गेले. ज्वारी उभी होती, काढणीला आलेली.

आपल्याला आपल्याच रानात जाळायचं, हे मामांनी सगळ्यांना कितीदा सांगून ठेवलं होतं. दिलीप पुण्याहून रातोरात थेट तिकडे पोचला. सकाळी मी मामीला जीपमधून नेलं, पण जीप रस्त्याच्या अलीकडेच थांबली. कालव्याला पाणी सुटलेलं, मोरीत घोट्याएवढा चिखल. मामीला आत नेणं शक्य नव्हतं. दिलीप मोरीतून वाकून बाहेर आला, जीपपाशी उभा राहिला. "आई, सरपन रचायला घेतलंय. आप्पांनी सांगितल्यालं, वावरातच. तू हितनंच हात जोड."

दिलीप वळला तसा मामीनं त्याचा शर्ट धरला.

"हिकडं... आना."

"पर आप्पांची विच्छा..."

"गावात आना. मान्सांत."

दिलीपनं माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "ती सांगते तसं कर."

मोरीतून तिरडी खांद्यावर नेता येत नाही. तिघं-चौघं वाकून गेले आणि त्यांनी ती हातांवर, गुडघ्याएवढ्या उंचीवरून आणली. वर रस्त्यावरून गाड्या धावतच होत्या. आधी सिद्धूची पाठ दिसली, तो उलटा चालत येत होता. मग मामांचे पाय आणि मग दिलीप. बाहेर आल्यावर सगळे कंबर सरळ करत, धापा टाकत उभे राहिले. वसाहतीतले सगळे जमले होते. ज्यांना मामांनी एकेकाळी त्यांची जमीन दाखवली होती त्यांची मुलं, सुना, नातवंडं. गेल्या कित्येक महिन्यांत त्यांच्यातलं कुणी पलीकडे गेलं नव्हतं.

मी मामीला धरून खाली उतरवलं. मामांच्या गालाला चिखल लागला होता. मामीनं डाव्या हातानं पदर घेतला, सावकाश तो पुसला, मुंडासं नीट केलं. मग माझा आधार सोडून ती तिरडीच्या पुढे झाली आणि एक पाय ओढत गावाच्या दिशेनं चालायला लागली.